मुक्तांबेचे छत्र आणि वैद्यांची ओळख

तंजावरच्या मराठी राज्याचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील लेखक बहुधा तीन गोष्टींपाशी थांबतात: सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह, बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख, आणि सरफोजीराजांचा विद्याव्यासंग. तिन्ही गोष्टी मोठ्या आहेत, ह्यात संशय नाही. परंतु तंजावरहून दक्षिणेस पट्टुक्कोट्टैच्या वाटेस लागले म्हणजे ओरत्तनाडु नावाचे गाव लागते, आणि तेथे जी एक जुनी वास्तू उभी आहे तिच्याकडे ह्या लेखकांचे लक्ष क्वचितच जाते. नोकरीनिमित्त ह्या प्रांती आलेली आपली मंडळीही देऊळ पाहतात, ग्रंथालय पाहतात, आणि गाडी पकडून परत फिरतात. ह्या वास्तूस मुक्तांबेचे छत्र म्हणतात. तिच्या दर्शनी भागी दगडी हत्ती व घोडे असे कोरले आहेत की, सारी इमारत म्हणजे एक रथ असून ही जनावरे तो ओढीत आहेत असा भास व्हावा. पुढील काळात ह्या आवारात शाळा चालली, विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालले. त्यामुळे प्रथमदर्शनी ती कोणास अन्नसत्राची किंवा आजाऱ्यांच्या सोयीची जागा वाटत नाही. आम्ही तिच्याविषयी लिहावयास बसलो आहो ते मात्र ह्या आजाऱ्यांसाठीच.

मुक्तांबा ही सरफोजीराजांच्या जिव्हाळ्याची स्त्री. लग्नाच्या राण्यांत तिची गणना नव्हती. मरतेसमयी तिने आपल्या नावे एक छत्र चालावे अशी इच्छा दर्शविली आणि राजांनी ती १८०२ च्या सुमारास पुरी केली, अशी कथा सांगतात. तंजावरकर भोसल्यांच्या छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे देण्याची चालच होती. नीडामंगलम् येथील छत्र यमुनांबेच्या नावाचे आहे. रामेश्वराच्या वाटेवर एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामास जाणाऱ्या यात्रेकरूला अशा रीतीने एका राजस्त्रीच्या नावाकडून दुसरीच्या नावाकडे जावे लागे. पट्टराणी आणि मुक्तांबा ह्यांत त्या वाटसरूच्या लेखी काहीच भेद उरत नसे, ही गोष्ट आम्हांस फार गोड वाटते.

ह्या छत्रांत काय चालत असे, हे कळण्याचे उत्तम साधन म्हणजे खुद्द सरफोजीराजांनी १८०१ साली कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन ह्यांस लिहिलेले पत्र होय. त्याची पार्श्वभूमी ध्यानी घेतली पाहिजे. १७९९ च्या तहान्वये राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होनांची नेमणूक आणि वसुलातील पाचवा हिस्सा. सत्ता गेली, तरी छत्रे आपल्या हाती राहावीत अशी त्यांची आर्जवाची मागणी होती, आणि ती पटवून देण्याकरिता ह्या छत्रांतून काय घडते हे त्यांनी तपशीलवार लिहून कळविले. म्हणजे हे पत्र एका अर्थी अर्जच आहे, आणि अर्ज लिहिणे व वाचणे हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय आहे त्या आमच्यासारख्यांस त्यातील कौशल्य सहज दिसते. मुक्तांबेचे छत्र तेव्हा उभे राहावयाचे होते. पण ज्या रिवाजावर पुढे ते उभे राहिले तो रिवाज ह्या पत्रात नोंदलेला आहे.

राजे लिहितात त्याचा मथितार्थ असा: ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत जो कोणी वाटसरू येईल त्यास अन्न मिळते. जोगी, जंगम, बैरागी, सर्वांस मिळते. शिजविलेले ज्यांस चालत नाही त्यांस कोरडा शिधा दिला जातो. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालते. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा केला जातो, की अद्यापि कोणी उपाशी असेल तर त्याने पुढे यावे. प्रत्येक छत्रात वेदांचे अध्यापक असतात, पंतोजी असतो, आणि वैद्य असतात: रोगांवर इलाज करणारे, सुजेवर इलाज करणारे, सर्पादिकांच्या विषावर इलाज करणारे. वाटेत वा छत्रात आजारी पडलेल्या प्रवाशास औषध व पथ्याचे अन्न मिळते, आणि बरा होईपर्यंत त्याची ममतेने व आदराने शुश्रूषा केली जाते. गर्भिणी आली आणि तेथेच प्रसूत झाली तर तिचा खर्च छत्र सोसते, आणि बाळंतपणानंतर तीन महिने तिला तेथे राहू दिले जाते. अनाथ मुले पंतोजीच्या स्वाधीन होतात. त्यांना तीन वेळ जेवण, चार दिवसांनी एकदा तेल, लागेल तेव्हा औषध आणि कपडे, आणि शिकून तयार झाल्यावर लग्नाचा खर्चसुद्धा!

हे वर्णन वाचून अभिमानाने ऊर भरून घेण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळचे भेद त्यात आहेतच. शिधा कोणास कोरडा आणि कोणास शिजलेला हा प्रश्नच मुळी त्यांतून आला. आमचे लक्ष वेधले ते दोन बारीक गोष्टींनी. एक, राजे वैद्यांची नावे देत नाहीत. कोण काय बरे करतो एवढेच सांगतात. दुसरी, ती मध्यरात्रीची घंटा.

आपल्या गावात माणूस आजारी पडला तर त्यास वैद्याची ओळख विचारावी लागत नसे. वैद्याचे घर त्यास ठाऊक, वैद्याचा बाप ठाऊक, त्याच्या हाताला यश आहे की नाही हेही ठाऊक. रामेश्वरास निघालेल्या काशीच्या बैराग्याचे तसे नव्हे. तो ओरत्तनाडूस पोहोचला की भोवती तमिळ बोलणारे लोक, मोडीत हिशेब लिहिणारे कारकून, तेलुगू बोलणारे आश्रित, आणि पायाला सर्पाने दंश केलेला! अशा मनुष्याला समोरचा गृहस्थ कोणत्या घराण्यातील हे कळून काही उपयोग नाही. विषावर इलाज करणारा तो हाच, एवढे कळले म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडतो. परक्या ठिकाणी वैद्याची ओळख ही त्याच्या कामाची ओळख असावी लागते, आणि ती पटवून देण्याचे ओझे आजाऱ्यावर नव्हे तर जागेच्या धन्यावर असावे लागते. घंटा हेच काम अन्नाच्या बाबतीत करीत होती. भुकेलेल्याने भटारखाना शोधीत फिरावे अशी तेथे अपेक्षा नव्हती. भटारखाना आपण होऊन हाक मारीत होता.

सरफोजीराजे स्वतः १८२० ते १८२२ ह्या काळात काशीयात्रेस गेले. बरोबर सुमारे तीन हजार माणसे होती, तेव्हा त्यांस कोठे वैद्य शोधावा लागला नसेल हे उघड आहे. तरी दोन वर्षे वाटेवर काढलेल्या राजाला वाटसरूची दशा इतर राजांपेक्षा अधिक समजली असावी असे मानावयास हरकत नाही.

आता तंजावरकडे वळू. तेथे राजांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था चालविली. देशी वैद्यक आणि पाश्चात्त्य वैद्यक ह्या दोहोंचे ज्ञान तेथे एकत्र आणण्याचा यत्न झाला. माणसांची औषधे तशीच जनावरांचीही तेथे होत. नेत्ररोगांत राजांस विशेष गोडी होती. सरस्वती महालात डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे जतन करून ठेवली आहेत. रुग्णाचे नाव, वय, दुखण्याची हकीकत, केलेला इलाज ह्यांच्या नोंदी काही इंग्रजीत, काही मोडीत आहेत, आणि सोबत रोगी डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. फ्रान्समध्ये लेनेकने छाती तपासण्याची नळी शोधून काढली ती १८१६ साली. त्याच सुमारास कावेरीकाठी एका साध्या रयतेच्या मोतीबिंदूचे चित्र दरबारचा चितारी काढीत होता, ही गोष्ट कोणासही थक्क करील.

परंतु ह्या टिपणांकडे पाहताना एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. संस्थेला रुग्णाची ओळख ठेवण्याची विद्या येथे साधली आहे. त्याचे नाव, त्याचे वय, त्याच्या डोळ्यातील फूल डाव्या बाजूस की उजव्या, सारे कागदावर आले. उलट दिशेची विद्या, म्हणजे रुग्णास संस्थेची ओळख पटविण्याची, छत्राच्या घंटेत होती ती कागदाच्या वाटेने आलेली नाही. ह्याच काळात अनुभवी वैद्यांचे पारखलेले योग गोळा करून तमिळ पद्यांत बांधण्यात आले, ते ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ्’ ह्या नावाने प्रसिद्ध आहेत. शरभेंद्र म्हणजे सरफोजीच. ज्या वैद्यांच्या हातून ते योग सिद्ध झाले त्यांची नावे ग्रंथाच्या माथ्यावर नाहीत, राजाचे आहे. दरबारी रीत तीच होती, त्याबद्दल कोणास दोष देण्यात अर्थ नाही. पण पुढील दोनशे वर्षे रुग्णालये ह्याच वाटेने चालली. रुग्णाविषयीचा कागद वाढत गेला, आणि त्याच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचे नाव मात्र त्याला कोणी सांगेना.

पोशाखाने ही अडचण काही अंशी दूर होईल असे युरोपात वाटले. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या परिचारिका स्कुटारीस गेल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावरून एक पट्टा असे आणि त्यावर रुग्णालयाचे नाव विणलेले असे. डॉक्टर त्या वेळी काळ्या अंगरख्यात वावरत. पांढरा कोट आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. काही काळ ह्या पोशाखांनी काम भागले. आता मात्र पांढरा कोट डॉक्टर घालतो, शिकाऊ डॉक्टर घालतो, रक्त काढणारा घालतो, आहार सांगणारी बाई घालते, आणि कित्येक ठिकाणी हिशेबखात्यातील गृहस्थही घालतो.

भाषेनेही गोंधळात भर घातली आहे. ख्रिस्ती संन्यासिनींच्या शुश्रूषेतून आलेला ‘सिस्टर’ हा शब्द हिंदुस्थानभर सर्व परिचारिकांस लागला. त्यांत मुख्य कोण आणि आजच रुजू झालेली कोण हे त्या शब्दावरून समजत नाही. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत झाडलोट करणाऱ्या व रुग्णास उठविणाऱ्या-बसविणाऱ्या बाईस ‘मावशी’ आणि पुरुषास ‘मामा’ म्हणतात. ही हाक आम्हांस प्रिय आहे. तिच्यात घरपण आहे. पण मावशी म्हटले की माणूस तिला दुखण्याविषयीही विचारू लागतो, आणि बिचारी मावशी संकोचाने काहीतरी सांगून वेळ मारून नेते. येथे तमिळ मुलखात त्याच बाईस ‘आया’ किंवा ‘आयम्मा’ म्हणतात, आणि विभागातील वरिष्ठ डॉक्टरास सारे लोक ‘पेरिय डॉक्टर’, म्हणजे थोरले डॉक्टर, असे संबोधतात. हा शब्द ज्याला ठाऊक आहे त्याचे निम्मे काम होते.

ठाऊक नसले म्हणजे काय होते ते आमच्या कचेरीतील एका गृहस्थांच्या वाट्यास आले. त्यांच्या वृद्ध मातोश्री मुलाच्या बदलीबरोबर ह्या प्रांती आल्या. मराठीवाचून दुसरी भाषा त्यांस येत नसे. पोटातील दुखण्याकरिता त्यांस एका रुग्णालयात ठेवावे लागले. शस्त्रक्रियेच्या आदल्या सायंकाळी पांढऱ्या कोटातील एक तरुण आला आणि आता काही खावयास देऊ नका असे तमिळमध्ये व खुणांनी सांगून गेला. सकाळी ह्याच तरुणाने रक्ताची बाटली नेताना ह्या गृहस्थांनी पाहिले होते. प्रयोगशाळेतील मनुष्याला ह्यात काय कळते, असे समजून त्यांनी पहाटे आईला दूध दिले. तो तरुण वस्तुतः भूल देणाऱ्या डॉक्टरांचा साहाय्यक डॉक्टर होता. शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे गेली, आणि ते दोन दिवस म्हातारीने वेदनांत काढले. आम्ही समाचारास गेलो तेव्हा त्या मुलाला म्हणाल्या, “अरे बाळा, इतकी माणसं येतात, हात धरतात, डोळे बघतात. ह्यांतला आपला कोण, तेवढं सांग रे मला.” मुलाजवळ त्याचे उत्तर नव्हते. त्याच्याजवळ रुग्णालयाचे सात कागद होते. त्या प्रत्येकावर आईचे नाव व क्रमांक होता, आणि सही मात्र कोणाची हे देवासही वाचता आले नसते.

असे केवळ परप्रांतात, परक्या भाषेत होते असे कोणी समजू नये. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात २८०७ रुग्णांस त्यांच्या डॉक्टरांची नावे विचारण्यात आली. त्याचा वृत्तांत २००९ साली प्रसिद्ध झाला. शंभरांतील ७५ जणांस एकही नाव सांगता आले नाही. ज्यांनी सांगितले त्यांतीलही ४० टक्क्यांचेच बरोबर निघाले. ही माणसे आपल्याच देशात, आपल्याच भाषेत उपचार घेणारी होती. तेथे मग डॉक्टरांची छायाचित्रे व नावे छापलेली पत्रे रुग्णांस वाटून पाहिली. ओळखणारांची संख्या वाढली, तरी बहुतेकांस ओळखता आले नाहीच. आणि कोणाचे काम काय ह्याची समज तर त्या पत्रांनी वाढलीच नाही. येथे आम्हांस सरफोजीराजांच्या पत्राची आठवण होते. चेहरा व नाव छापून दिले, पण ‘हा सुजेवर इलाज करणारा, हा विषावर’ हे कोणी समोर उभे राहून सांगितले नाही, तर कागद उशाखालीच राहावयाचा.

इंग्लंडातील केट ग्रेंजर ही स्वतः डॉक्टरीण होती आणि तिला कर्करोग झालेला होता. २०१३ साली ती रुग्णालयात पडून असताना कितीतरी जण तिच्यावर उपचार करून गेले, पण स्वतःचे नाव सांगण्याची तसदी कोणी घेईना. पहिले नाव सांगितले ते तिची खाट ढकलीत नेणाऱ्या सेवकाने! त्यातून तिने, प्रत्येकाने रुग्णापाशी जाताच ‘माझे नाव अमुक’ असे सांगावे, एवढी एकच मागणी घेऊन मोहीम काढली. २०१६ साली ती वारली. मोहीम देशोदेशी पसरली. आमच्या मते ह्या सर्व खटाटोपात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय तोच आहे. त्याला छापखाना लागत नाही, निविदा मागवाव्या लागत नाहीत.

आपल्या देशात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. आपल्यावर उपचार करणारी माणसे कोण आहेत, त्यांचा व्यावसायिक दर्जा काय, आणि आपल्या उपचाराची मुख्य जबाबदारी कोणत्या डॉक्टरावर आहे, हे जाणण्याचा हक्क तीत स्पष्ट नमूद केला आहे. सरकारी भाषेत आलेली गोष्ट खाटेपर्यंत पोहोचावयास किती वेळ लागतो हे आम्हां कारकुनांस कोणी सांगावयास नको. पण २०२० च्या साथीत जे घडले ते कोणत्याही परिपत्रकावाचून घडले. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या त्या पांढऱ्या पोशाखांत डॉक्टर कोण आणि मामा कोण हे रुग्णास तर नाहीच, पण एकमेकांसही ओळखू येईना. तेव्हा कित्येकांनी जाड शाईच्या लेखणीने छातीवर व पाठीवर आपले नाव लिहून घेतले, काहींनी हुद्दा लिहिला. काही देशांत तर कर्मचाऱ्यांनी आपले हसरे छायाचित्रच पोशाखावर चिकटविले. इबोलाच्या साथीत लायबेरियात तसा प्रयोग आधी झाला होता. साथ ओसरली आणि ती लेखणी पुन्हा टेबलाच्या खणात गेली, हे खेदाने म्हणावे लागते.

ओरत्तनाडूच्या छत्रातील शुश्रूषेचे दिवस केव्हाच सरले. ह्या भागातील आजारी आज तंजावरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातात किंवा राजा मिरासदार रुग्णालयात. ह्या दुसऱ्याच्या नावात राजाही आहे आणि वतनदार शेतकरीही. अशा मोठ्या ठिकाणी बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबाने काय करावे? येथील आमच्या मंडळींनी एक साधी रीत पाडली आहे. कोणाच्या घरचे माणूस रुग्णालयात गेले की एक जुनी वही सोबत द्यावयाची. पहिल्या पानावर तीन वाक्ये देवनागरीत लिहिलेली असतात. “उंगळ पेर एन्न?” म्हणजे आपले नाव काय? “पेरिय डॉक्टर यारु?” म्हणजे थोरले डॉक्टर कोण? “नीङ्ग एन्न वेलै सेय्यऱीङ्ग?” म्हणजे आपण कोणते काम पाहता? खाटेपाशी जो कोणी येईल त्यास नम्रपणे विचारून नाव, काम आणि येण्याची वेळ त्या वहीत टिपावयाची. येणाऱ्यास तमिळमध्ये स्वतः लिहिण्याची विनंती केली तर बहुतेक जण आनंदाने लिहितात. कित्येक तर लिहिता लिहिता खुर्ची ओढून बसतात आणि दोन शब्द अधिक बोलतात.

वर सांगितलेल्या मातोश्रींच्या वहीत अखेरीस चौदा नावे झाली. भूल देणाऱ्या त्या तरुण डॉक्टराचे नाव तिसरे आहे, आणि त्याच्यापुढे मुलाने मराठीत लिहिले आहे, ‘खाणे-पिणे ह्यांना विचारून’.